कुंडीतला कापूस

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की मोठ्या कुंडीत सरकीचे दोन-तीन दाणे टोचा. जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत बोंडे धरत नाहीत. आधी पाती म्हणजे कळ्या येतात, मग फुले. अमेरिकन कापसाचे फूल पांढरट उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. मुलांना हे दाखवाच.

खरी नवलाई बोंडात घडते. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाते. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे अशी एकच पेशी! सुमारे तीन आठवडे ती वाढते, मग तिच्यात सेल्युलोजचे थर चढतात. फुलापासून साधारण दीड-दोन महिन्यांनी बोंड उकलते. तंतू वाळतो, चपटा होतो आणि स्वतःभोवतीच पिळला जातो. या पिळांमुळे तंतू एकमेकांना धरतात, म्हणून सूत निघते. सावरीच्या गुळगुळीत कापसाला ही पकड नाही. तो उशीत भरला जातो.

वेचलेल्या कापसातली सरकी हाताने काढा, पेळू करा, टकळीवर काता. वाती तर टकळीशिवायही वळता येतात.

विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी मात्र वेचणी संपताच झाड उपटावे. त्यावर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळाला, तर शेजारच्या शेतातल्या पुढच्या पिकाला असलेला धोका वाढतो.