चाकातील हवेचा हिशेब

सायकल, फटफटी, मोटार, ट्रॅक्टर किंवा टायरची बैलगाडी, यांपैकी काही ना काही आज प्रत्येक गावात आहे. या वाहनांचा भार कोण उचलतो, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, टायर उचलतो. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. टायर ही रबराची आणि धाग्यांची एक बळकट पिशवी आहे. खरा भार तोलते ती तिच्यात कोंडलेली हवा. हवा सोडली की तोच टायर लगेच जमिनीला टेकतो, हे आपण पाहतोच.

हवेचे हे चाक चालू केले एका गुरांच्या डॉक्टरने. जॉन बॉइड डनलॉप हे आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी जनावरांचा दवाखाना चालवीत. मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांवर बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. रॉबर्ट टॉमसन या गृहस्थाने हीच कल्पना १८४५ मध्ये मांडली होती, पण त्या वेळी ती मागे पडली. आपल्याकडे बैलगाडीला हवेची चाके आली तेव्हा तिला लोक 'डनलॉपची गाडी' म्हणू लागले, ते याच नावावरून.

आता थोडा हिशेब करू. हवेचा दाब आपण पौंडांत मोजतो. 'तीस पौंड हवा' म्हणजे दर चौरस इंचावर ३० पौंडांचा दाब, अर्थात दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.१ किलो. माणसांसह १२०० किलो वजनाची मोटार असेल, तर एका चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. ३०० ला २.१ ने भागा. उत्तर येते सुमारे १४० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम आपल्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत! वळणे, थांबणे, वेग घेणे हे सारे चार पंजांएवढ्या जागेवर चालते. हवा २० पौंडांवर आली, तर तीच जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या वर जाते.

जागा वाढली म्हणजे पकडही वाढली, असे कोणी म्हणेल. पण डांबरी रस्त्यावर तसे होत नाही. हवा कमी झाली की टायरचा मधला पट्टा आत दबतो आणि दोन्ही कडांवर जास्त भार येतो. बाजूच्या भिंती लिबलिबीत होतात, त्यामुळे वळणावर गाडी सुकाणूचे लवकर ऐकत नाही. पावसात तर धोका अधिकच. रस्त्यावर पाणी साचलेले असले की टायरला ते दाबून बाजूला सारावे लागते. वेग फार झाला तर पाणी सरत नाही, टायर त्यावर तरंगतो, आणि मग ब्रेकही चालत नाही व सुकाणूही. अमेरिकेतील नासा या संस्थेत हॉर्न आणि ड्रेहर या दोघांनी १९६३ साली याचा एक ढोबळ नियम मांडला. ज्या वेगाला टायर तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या नियमाने ३० पौंडांना हा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर येतो आणि २० पौंडांना सुमारे ७५. टायरची नक्षी झिजलेली असली की ही भीती लवकर खरी होते. म्हणूनच मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल राहिली की तो टायर बदलावा, असा नियम आहे.

हवा जास्त भरली तर? मग टायर मध्ये फुगतो, टेकण्याची जागा लहान होते आणि खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारते. उडालेल्या चाकाला पकड कसली? अशा टायरचा मधला पट्टा आधी झिजतो. कमी हवेत दोन्ही कडा आधी झिजतात. आपला टायर नीट पाहा, तो कसा वागवला गेला आहे हे त्याच्या झिजेवरूनच कळेल.

आता इंधनाकडे वळू. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग रस्त्याशी आला की दबतो आणि पुढे गेला की पूर्ववत होतो. रबर दाबायला जी शक्ती लागते ती सगळी परत मिळत नाही. काही भागाची उष्णता होते. हवा जितकी कमी, तितके रबर अधिक दबते आणि तितकी शक्ती वाया जाते. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाप्रमाणे चारही चाकांत सरासरी १ पौंड हवा कमी झाली की इंधनाची बचत सुमारे ०.२ टक्क्याने घटते. म्हणजे ८ पौंड कमी असेल तर शंभर लिटरमागे साधारण दीड लिटर फुकट गेले. ही रक्कम फार मोठी नव्हे, हे मान्य. पण टायर वेळेआधी बाद झाला तर तो खर्च मोठा असतो, आणि टायर धावत्या गाडीखाली फुटला तर त्याची किंमत पैशांत होत नाही.

येथे एका गैरसमजाविषयी सांगितलेच पाहिजे. 'उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून ती कमीच ठेवावी, नाहीतर टायर फुटेल,' असे पुष्कळ जण सांगतात. वरवर हे पटतेही. पण टायर बनवणाऱ्यांनी तापल्यावर वाढणारा हा दाब आधीच हिशेबात धरलेला असतो. टायर फुटतो तो बहुधा उलट कारणाने. कमी हवेमुळे त्याच्या भिंती पुन्हा पुन्हा मुडपतात, आतून भयंकर तापतात, धागे आणि रबर एकमेकांपासून सुटतात आणि मग टायर फाटतो. वेग, जादा भार, मे महिन्याचे ऊन आणि कमी हवा ही चौकडी एकत्र आली की काय होते, ते लांब पल्ल्याचे ड्रायव्हर जाणतात. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता आपल्याकडे आहे. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. अशा रस्त्यावर गाडी तासन्‌तास एका वेगाने पळते आणि टायरला उसंत मिळत नाही. तेथे निघण्यापूर्वी हवा पाहणे हे गाडीत तेल पाहण्याइतकेच जरुरीचे आहे.

टायरच्या बैलगाडीत इंधनाचे बिल बैल भरतात. ऊस भरलेल्या गाडीची हवा कमी असेल, तर वाया जाणारी शक्ती त्यांच्या खांद्यातून येते. ते मुके असल्यामुळे तक्रार आपल्यापर्यंत पोहोचत नाही. गाडी जुंपण्यापूर्वी चाके पाहणे ही त्यांचीच सेवा आहे.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी निराळी. मऊ शेतात टायरखालच्या मातीवर साधारण टायरमधील हवेइतकाच दाब पडतो. हवा फार असेल तर माती घट्ट दाबली जाते, आणि पुढे मुळांना आणि पाण्याला वाट मिळत नाही. म्हणून शेतात हवा कमी आणि रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढताना जास्त ठेवावी लागते. दोन्ही आकडे ट्रॅक्टरबरोबरच्या पुस्तकात दिलेले असतात.

हवा पाहावी कशी? सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. गाडी चालून आली असेल तर निदान तीन तास जाऊ द्यावेत. चालून तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो, तो पाहून हवा सोडू नये. मोटारीसाठी योग्य आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी तेथे वेगळा आकडा असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तितकी हवा भरायची नसते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला सुमारे १ पौंड हवा झिरपते. शिवाय तापमान १० अंशांनी उतरले की दाब दीड-दोन पौंडांनी उतरतो. तेव्हा महिन्यातून एकदा हवा पाहावी, थंडी सुरू होताना जरूर पाहावी, आणि जादा चाक विसरू नये.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा धडा वर्गात करून पाहावा. सायकलच्या मागच्या चाकाला खडूची ओली पूड लावा, चाकाखाली चौकटींचा कागद ठेवा आणि एका मुलाला वर बसवा. उमटलेल्या ठशातील चौकोन मुलांना मोजू द्या. मग थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. नंतर त्याच सायकलीवरून तोच मुलगा एका लहान उतारावरून पायडल न मारता सोडा. भरल्या हवेला आणि कमी हवेला सायकल कुठवर जाते, तेथे खूण करा. दाब, क्षेत्रफळ आणि वाया जाणारी शक्ती या तिन्ही गोष्टी मुलांच्या डोळ्यांसमोर येतील. आणि घरी गेल्यावर ती आपल्या वडिलांना नक्की विचारतील, की आपल्या गाडीची हवा शेवटची कधी पाहिली होती.