विहीर उपसताना पंपाने पाणी सोडले तर

वैशाख सरत आला, की गावोगावच्या सार्वजनिक विहिरींतील गाळ काढण्याचे काम हाती घेतले जाते. विहिरीतील पाणी तेव्हा वर्षातील सर्वांत खालच्या पातळीला गेलेले असते आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वी हे काम उरकणे आवश्यक असते. पंप आणला जातो, दुपारपर्यंत उपसा सुरळीत चालतो आणि नेमके कमरेइतके पाणी उरले असताना पाइपातून पडणारी धार तुटते. पंप घरघरतो, परंतु पाणी येत नाही. पंपाने ‘पाणी सोडले’ असे म्हणतात ते हेच. अशा वेळी जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी ‘इंजिनच खाली उतरवा’ अशी सूचना करतो. ही सूचना वरवर पाहता सोयीची वाटली, तरी ती प्राणघातक ठरू शकते. पंप पाणी का सोडतो हे नीट समजून घेतल्यास हा प्रसंग टाळता येतो.

पाणी चढते ते हवेच्या दाबामुळे

पंप पाणी ओढतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पंप आपल्या तोंडाशी असलेला दाब कमी करतो, आणि विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर असलेला बाहेरील हवेचा दाब ते पाणी पाइपात वर ढकलतो. या दाबाला मर्यादा आहे. खेचपंप एका ठराविक उंचीपलीकडे पाणी चढवू शकत नाही, याची नोंद गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात केली होती. त्याचे कारण हवेच्या वजनात आहे, हे टॉरिचेलीने १६४३ मधील पाऱ्याच्या प्रयोगाने दाखवून दिले. समुद्रसपाटीवर ही मर्यादा सुमारे १०.३ मीटर भरते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने ती जवळजवळ दीड मीटरने कमी होते. पाइपातील घर्षण व सांध्यांतील दोष जमेस धरता प्रत्यक्षात सहा ते सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट, एवढाच भरवसा धरावा. सकाळी पंपापासून चार मीटर खाली असलेले पाणी दुपारी सात मीटर खाली गेले, तर सकाळचाच पंप दुपारी निरुपयोगी ठरणे स्वाभाविक आहे.

हवा शिरली की काय होते?

शेतावर सर्वत्र दिसणारा पंप हा अपकेंद्री पंप होय. त्यातील पंखा वेगाने फिरून पाणी बाहेर फेकतो. परंतु हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशे पट हलकी असते. जो पंप पाण्याचा वीस मीटरचा स्तंभ उभा करतो, तोच हवेने भरला असता जेमतेम एक इंच पाणी उचलण्याइतका दाब निर्माण करू शकतो. म्हणूनच पंप सुरू करण्यापूर्वी तो व खालचा पाइप पाण्याने भरून घ्यावा लागतो. हे भरलेले पाणी टिकवून धरण्याचे काम पाइपाच्या टोकाशी असलेला फूट-व्हॉल्व्ह करतो. शेतकऱ्यांच्या बोलीत तो ‘फुटबॉल’ झाला आहे. उपसा अखेरच्या टप्प्यात आला, की या व्हॉल्व्हच्या जाळीत गाळ व पालापाचोळा अडकतो, झडपेखाली खडा बसतो, किंवा पाण्यात भोवरा होऊन हवा आत जाते.

दोष शोधण्याचा क्रम

धार तुटताच पंप प्रथम बंद करावा. कोरडा चाललेला पंप तापतो आणि त्याचे ग्लँड व सील खराब होतात. वीजपंप असल्यास मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावा. त्यानंतर फूट-व्हॉल्व्ह किमान दोन फूट पाण्याखाली आहे काय, हे पाहावे व त्याची जाळी स्वच्छ करावी. मग बुडबुडे थांबेपर्यंत पंपात पाणी ओतावे. ओतलेले पाणी खाली उतरत राहिले, तर दोष फूट-व्हॉल्व्हमध्ये आहे. पाणी टिकते, परंतु पंप सुरू होताच धार तुटते, असे असेल तर खालच्या पाइपाच्या सांध्यातून किंवा ग्लँडमधून हवा शिरत आहे. चालू पंपात अशी गळती बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत घेते. त्यामुळे ती सहसा नजरेस पडत नाही. संशयित सांध्यावर ओली चिकणमाती लिंपताच धार सुधारली, तर दोष तेथेच आहे असे समजावे. शेतात अशी गळती बुजविण्यासाठी पंपात शेणकाला ओततात. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर हा उपाय सर्वथा वर्ज्य मानला पाहिजे.

इंजिन विहिरीत उतरवू नये

सर्व काही ठीक असूनही पंप पाणी धरत नसेल, तर उचलीची मर्यादा संपली असे समजावे. येथेच डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरविण्याचा मोह होतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीसारख्या बंदिस्त जागेत तो काही मिनिटांत साचून माणसाची शुद्ध हरपते. याखेरीज कुजलेल्या गाळातूनही विषारी वायू निघतात. कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. परंतु कंदील जळत राहिला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही, असे मुळीच सिद्ध होत नाही. पहिला मनुष्य कोसळला, की त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि त्याच्यामागून तिसरा. एका विहिरीत एकाहून अधिक जीव जातात ते अशाच रीतीने. श्वसनसाधनांसह प्रशिक्षित मदत येईपर्यंत कोणासही खाली उतरू देऊ नये.

सुरक्षित पर्याय असा, की पाण्यात बुडून चालणारा पाणबुडी पंप दोरखंडाने सोडावा. तो पाणी खालून वर ढकलत असल्यामुळे हवेच्या दाबाची मर्यादा त्यास लागू पडत नाही. त्याच्या जोडणीवर अर्थ-लीकेज ब्रेकर अवश्य असावा आणि पंप चालू असताना पाण्यात कोणीही उतरू नये. असा पंप न मिळाल्यास उरलेले पाणी कप्पी व बादल्यांनी वरूनच शेंदून काढावे. त्यास एक दिवस अधिक लागला तरी हरकत नाही.

अखेरचे पाणी सावकाश

फार वेगाने उपसा केल्यास विहिरीच्या बांधकामामागील भिजलेल्या मातीचा दाब भिंतीवर येतो आणि जुने बांधकाम ढासळू शकते. शहरांतील जलतरण तलावांनाही हाच नियम लागू आहे. भूजल वर आलेले असताना रिकामा केलेला तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊन त्यास तडे जातात. तलाव किंवा टाकी उंचावर असेल, तर पंप बंद पडला तरी पाण्याने भरलेली नळी काठावरून उतारावर सोडून वक्रनळीच्या तत्त्वाने पाणी काढता येते. विहिरीबाबत मात्र ही सोय बहुधा नसते.

उपसा सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने पाण्याची खोली मोजून पंपाची उचल पुरेल काय, हे ठरवावे, आणि अखेरच्या टप्प्यासाठी पाणबुडी पंपाची सोय आधीच करावी. विज्ञान शिक्षकांनी हवेच्या दाबाचा पाठ शिकविताना गावच्या विहिरीचे उदाहरण द्यावे. विहीर गावाला पाणी देण्यासाठी आहे. ती स्वच्छ करताना कोणाचा जीव जाऊ नये, एवढी दक्षता घेणे कोणत्याही गावाच्या आवाक्यातील आहे.