चुकारे, कुंडल्या आणि मनाचे मोजमाप

मानसशास्त्रीय संशोधनातील सर्वांत महागडी चूक आकडेमोड सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते. कोणाची तुलना कोणाशी करायची, हे ठरवताना ती होते.

समजा, पैशाच्या ओढाताणीचा शेतकऱ्याच्या विचारशक्तीवर काय परिणाम होतो, हे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात तपासायचे आहे. धान कापणीपूर्वी, हातात पैसा नसताना, एक चाचणी घेतली. धान विकल्यावर पुन्हा घेतली आणि गुण वाढले. याचे श्रेय पैशाला देण्याचा मोह होतो. पण या दोन चाचण्यांमधल्या काळात मोहाडीत केवळ पैसा येत नाही. पाऊस थांबतो, उकाडा सरतो, कापणी-चुरणीची अंगमेहनत आटोपते, दिवाळी होते, भाऊबीजेपासून गावोगावी मंडईची जत्रा भरू लागते. यांतल्या कशानेही मन हलके होऊ शकते. शिवाय तीच कोडी दुसऱ्यांदा सोडवणारा माणूस निव्वळ सरावानेही पुढे जातो. एकाच वेळी बदललेल्या इतक्या गोष्टींतून एकीला वेगळे काढणे अशा रचनेत शक्यच नसते.

आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी हाच प्रश्न तमिळनाडूत हाताळला. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात ५४ गावांतील ४६४ ऊस उत्पादक होते. ऊस निवडण्यामागे कारण होते. उसाची तोड तीन ते पाच महिने चालते आणि कोणाचा ऊस कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो. त्यामुळे एकाच आठवड्यात एकाचे पैसे झालेले असतात, तर शेजारचा अजून वाट पाहत असतो. ऋतू आणि सण दोघांना सारखेच. सरावाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी काही शेतकऱ्यांची पहिली चाचणीच तोडीनंतर घेतली. तोडीनंतरची कामगिरी सुधारलेली दिसली.

मोहाडीत धान जवळपास एकदमच कापणीला येते, म्हणून ही रचना जशीच्या तशी इथे चालणार नाही. तरी वाट बंद होत नाही. सरकारच्या आधारभूत खरेदी केंद्रावर धान दिलेल्यांना त्याचे पैसे, म्हणजे चुकारे, एकाच दिवशी मिळत नाहीत. एकाच केंद्रावर एकाच आठवड्यात धान दिलेल्या, पण चुकारे मिळालेल्या आणि न मिळालेल्या शेतकऱ्यांची तुलना पुष्कळ विश्वासार्ह ठरेल. मात्र चुकाऱ्याची तारीख शेतकऱ्याच्या परिस्थितीवर किंवा ओळखीपाळखीवर अवलंबून नसावी. व्यापाऱ्याला धान विकून लगेच पैसे घेणाऱ्यांना या तुलनेत मिसळले, तर सगळे बिघडते. ज्याला देणी भागवायची घाई, तोच कमी भावात व्यापाऱ्याकडे जातो. म्हणजे ज्यांच्या हाती पैसा आधी आला, ते मुळात अधिक अडचणीत असलेले असू शकतात. माणसे आपल्या गटाची निवड स्वतः करतात तेव्हा गटांमधला फरक आधीचाच असतो.

तुलनागट नसला की चांगल्या कामाचेही मोल ठरवणे अवघड होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. एवढी मोठी झेप आपोआप पडणे कठीण, म्हणून गावपातळीवरच्या कामाला तिचे श्रेय देणे वाजवी आहे. पण त्याच काळात नैराश्याच्या प्रमाणातही दिसलेली घट याच आधारावर कार्यक्रमाच्या खात्यात टाकता येत नाही. पाऊसमान आणि शेतमालाचा भाव यांचाही मनावर परिणाम होतो, आणि कार्यक्रम नसलेल्या गावांत त्या काळात काय घडले हे मोजलेले नव्हते.

कोणाला विचारले, हाही तितकाच नाजूक प्रश्न. रोवणीच्या दिवसांत दुपारी घरोघर फिरणाऱ्याला म्हातारी माणसे भेटतील, बांधीत राबणाऱ्या बाया भेटणार नाहीत. कामासाठी नागपूरला गेलेली तरुण मुले तर यादीतच येणार नाहीत. प्रश्न विचारणारी व्यक्ती गावची आशा सेविका असेल, तर काहीजण तिच्यापुढे घरातले दुःख झाकतील आणि काहीजण योजनेच्या आशेने वाढवून सांगतील. जगभरच्या मानसशास्त्रातही हीच उणीव मोठ्या प्रमाणावर आहे: त्याचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर बेतलेले आहेत आणि ते सरसकट ‘माणसाचा स्वभाव’ म्हणून सांगितले जातात.

लोकांना पटले म्हणजे मोजमाप खरे, हा समजही फसवा. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘त्याचे’ स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मजकूर सर्वांना एकच होता, कोणालाही लागू पडेल असा गुळमुळीत.

या सापळ्यांतून वाट काढणारी एक नमुनेदार रचना महाराष्ट्रातच झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी जाहीर केली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांपैकी ४० पाठवायच्या आणि कोणती कोणत्या गटातली एवढेच त्याने सांगायचे. फोररच्या प्रयोगातला गुळमुळीतपणा इथे मुळातच कापला गेला, कारण उत्तर बरोबर किंवा चूक, तिसरे काही नाही. समोर मूल नाही, त्यामुळे चेहऱ्यावरून ताडणे नाही. उत्तरे उघडण्याआधीच ठरले होते की, ४० पैकी किमान २८ बरोबर आली तरच यश मानायचे.

५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के, सर्वाधिक गुण २४. इथे निकष आधीच ठरवण्याचे महत्त्व कळते. ‘चाळीसपैकी चोवीस’ ऐकायला बरे वाटते. पण २७ जणांनी नुसते नाणे उडवून उत्तरे दिली असती, तरी त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा अधिक गुण पडण्याची अपेक्षा धरावी लागते. सगळ्यांतला सर्वोत्तम तेवढा निवडून त्याची पाठ थोपटणे ही संशोधनात फार वेळा होणारी चूक आहे. दहा प्रश्नावल्या भरून घेऊन जिच्यात फरक दिसला तेवढीच छापणारा संशोधक हेच करतो.

या चाचणीच्या मर्यादाही नेमक्या सांगता येतात. २४ जणांची उत्तरे आलीच नाहीत, त्यामुळे निकाल उत्तर देणाऱ्यांपुरता आहे. आणि तपासला गेला तो कुंडलीवरून बुद्धी ओळखता येते हा एक दावा. त्या दाव्याविरुद्ध मात्र पुरावा भक्कम आहे. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या तपासल्या, त्यांतल्या १०२ बरोबर आल्या.

निकष आधी न ठरवण्याची आणि फरक दिसला तेवढेच छापण्याची किंमत २०१५ मध्ये जगापुढे आली. मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यास इतर संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के यशस्वी म्हणून छापले गेले होते. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच सांख्यिकीय दृष्ट्या ठोस परिणाम दिसला. फरक न दिसलेले अभ्यास सहसा छापले जात नाहीत, हे त्यामागचे एक मोठे कारण. तेव्हापासून गृहीतक, नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाची पद्धत माहिती गोळा करण्याआधीच सार्वजनिक नोंदवहीत लिहून ठेवण्याचा प्रघात वाढला आहे. काही नियतकालिके तर केवळ आराखडा तपासून, निकाल काहीही लागो, लेख छापण्याचे आधीच मान्य करतात.