हृदय थांबलेलं असताना भूल कशी ओळखतात?

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून विमानानं आलेलं हृदय मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात पोहोचलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूनं ते एका रुग्णाच्या छातीत बसवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली केलेल्या हृदय-प्रत्यारोपणाच्या धाडसी प्रयत्नानंतर मुंबईनं हे ४७ वर्षांनी पाहिलं.

अशा वेळी सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे असतं. मला मात्र रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांचं नवल वाटतं. जुनं हृदय काढलंय, नवं अजून धडधडत नाही. अशा वेळी रुग्ण आतून जागा नाही, हे त्यांनी ओळखायचं कशावरून?

एरवी शरीर स्वतःच चुगली करतं. भूल उथळ झाली की नाडी पळते, रक्तदाब चढतो, डोळ्यांतून पाणी येतं, हातपाय हलतात. यातलं हलणं तर डॉक्टरांनीच औषधानं बंद केलेलं असतं. १९४२ मध्ये माँट्रियलच्या हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे ऑपरेशनसाठी वापरलं. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं बाणाला लावायचं विष! त्यानं स्नायू सैल पडतात, सर्जनचं काम सोपं होतं. पण स्नायू लुळे पडले म्हणून मेंदू झोपतोच असं नाही. जाग आली तरी बोटसुद्धा हलवता येत नाही.

आता हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन सुरू होतं आणि नाडीची खूणही जाते. फुप्फुसं थांबलेली, मग श्वासातून द्यायचं भुलीचं औषध जाणार कुठून? ते मशीनच्या प्राणवायूतच मिसळतात, नाहीतर शिरेतून औषध चालू ठेवतात. शरीर थंड केलेलं असताना कमी औषध पुरतं, पण रक्त पुन्हा गरम करू लागलं की मेंदूही तरतरीत होऊ लागतो. हा टप्पा फार जपायचा. त्यातून दुबळ्या हृदयाला जास्त औषध सोसतही नाही. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या पाहणीत एकूण १९,००० भुलींमागे एकानं मध्येच जाग आल्याचं सांगितलं होतं. हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांत मात्र सुमारे ८,६०० मागे एकानं.

मग सरळ मेंदूचाच कानोसा घ्यायचा! कपाळावर एक पट्टी चिकटवतात, ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपते. जागा मेंदू म्हणजे सकाळी नऊचं अंधेरी स्टेशन: हजार पावलं, हजार दिशा. भूल चढली की तीच गर्दी जणू एका संथ तालात डोलू लागते, लहरी मोठ्या आणि सावकाश होतात. बीआयएस नावाचं यंत्र त्यावरून ० ते १०० मधला एक आकडा दाखवतं. तो साधारण ४० ते ६० मध्ये ठेवायचा.

पण जाग आणि आठवण या दोन गोष्टी वेगळ्याच निघाल्या! दंडाला पट्टा आवळून स्नायू सैल करणारं औषध एका हातापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही आणि रुग्णाला सांगायचं, ‘माझा हात दाबा.’ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६० पैकी १२ जणांनी खरोखर हात दाबला. नंतर त्यातल्या कुणालाच काही आठवत नव्हतं. तेवढ्या क्षणापुरतं तिथं कोण जागं होतं?

म्हणून ऑपरेशननंतर साधे प्रश्न विचारतात: झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जागं झाल्यावरचं पहिलं काय? मधलं काही? आणि एकदा विचारून भागत नाही, कारण आठवण कधीकधी दिवसांनी वर येते. २०१४ च्या त्या पाहणीत एकानं तर आपला अनुभव ६२ वर्षांनी सांगितला.