स्मृतिभ्रंश, वार्धक्यातील

उतारवयात मेंदूच्या विकारामुळे स्मरण, भाषा, अवधान, दिशाज्ञान, निर्णयशक्ती इ. बोधनक्षमतांचा ऱ्हास होऊन नित्याचे व्यवहार स्वतंत्रपणे करता न येण्याची अवस्था. हा एकच एक रोग नसून अनेक रोगांतून उद्‌भवणारा लक्षणसमूह आहे. वयोमानानुसार येणारे विस्मरण व स्मृतिभ्रंश यांत भेद केला पाहिजे. परिचिताचे नाव उशिरा आठवणे हे सामान्य विस्मरण होय. मात्र रोजच्या शेतावरून घरी येताना वाट चुकणे, आयुष्यभर चोख ठेवलेला हिशेब न जमणे ही विकाराची चिन्हे असू शकतात.

जर्मन मानसचिकित्सक आलॉइस अल्झायमर (१८६४–१९१५) यांनी १९०६ मध्ये एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूतील विशिष्ट बदलांचे वर्णन केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा रोग हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे. त्यात अमिलॉइड व टाऊ ही प्रथिने मेंदूत साचून तंत्रिका कोशिकांचा नाश होतो. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने येणारा वाहिनीजन्य स्मृतिभ्रंश हा दुसरा प्रमुख प्रकार होय.

भारतातील पाहण्यांचे निष्कर्ष परस्परांहून बरेच भिन्न आहेत. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील ग्रामीण पाहणीत (१९९८) पासष्टीपुढील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सु. १.४ टक्के, तर मुंबईतील पाहणीत (२००१) ते सु. २.४ टक्के आढळले. राष्ट्रीय पातळीवरील पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साठीपुढील व्यक्तींत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सु. ८८ लाख व्यक्ती, असे अनुमान निघाले. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा व ग्रामीण भागात नागरी भागापेक्षा अधिक होते. वयोगट, निकष व पद्धती निराळ्या असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

या भिन्नतेच्या मुळाशी मापनाचा प्रश्न आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची संक्षिप्त मानसिक चाचणी जगभर रूढ झाली. तथापि तीत वाचन, लेखन व वजाबाकी यांचा अंतर्भाव असल्याने निरक्षर व्यक्ती निरोगी असूनही तीत कमी गुण मिळवते. म्हणून बल्लभगढ येथील संशोधकांनी हिंदी रूपांतर (१९९५) सिद्ध केले. लिखित सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाचे अनुकरण करून डोळे मिटणे व वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगणे, असे बदल त्यात केले गेले. वृद्धाच्या नित्यव्यवहाराविषयी घरच्या माणसांस विचारावयाची प्रश्नावलीही तयार करण्यात आली.

नाशिक जिल्ह्यातील कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यात या प्रश्नाचे महत्त्व विशेष जाणवते. तेथे कोकणा, भिल्ल इ. समाजांची वस्ती असून घरगुती बोली प्रमाण मराठीहून वेगळ्या आहेत. शाळेत न गेलेल्या वृद्धेस इंग्रजी तारीख विचारण्यापेक्षा चालू मराठी महिना, नुकताच झालेला सण वा आठवड्याच्या बाजाराचा वार विचारणे अधिक न्याय्य ठरते. अन्यथा शिक्षणाचा अभाव हाच आजार समजला जाण्याचा धोका असतो. उलटपक्षी एकत्र कुटुंबात वृद्धाची कामे इतरांनी हळूहळू उचलल्यामुळे खरा ऱ्हासही ‘म्हातारचळ’ म्हणून दुर्लक्षिला जातो.

हे दुर्लक्ष हानिकारक असते. कारण ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, अवटू ग्रंथीची मंदता, विषण्णता व काही औषधांचे परिणाम यांमुळे झालेला ऱ्हास उपचारांनी पुष्कळदा सुधारू शकतो. अल्झायमर रोग मात्र अद्याप पूर्ण बरा होत नाही. डोनेपेझिलसारख्या औषधांनी लक्षणे काही काळ सौम्य होतात. जोखीम वाढविणाऱ्या घटकांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, एकाकीपणा व अल्पशिक्षण यांचा समावेश होतो. २०२४ मधील एका आंतरराष्ट्रीय अहवालानुसार असे चौदा घटक टाळता आल्यास जगातील सु. ४५ टक्के रुग्णांतील स्मृतिभ्रंश टाळणे वा लांबविणे तत्त्वतः शक्य आहे. निदान निश्चित झाल्यावर रुग्णाची सुरक्षितता, नियमित दिनक्रम आणि शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबियांस, विशेषतः स्त्रियांस, विश्रांती व साहाय्य मिळणे हे उपचारांचेच अंग मानले जाते.