पासपोर्ट नाही आणि मंगल परिणय आखातात?

"आई, मी इथंच लग्न करतोय. मुलगी आपल्यातलीच आहे, एका घरी कामाला आहे." दुबईहून किंवा दम्मामहून असा फोन आला की घरात पेढे वाटावेत की डोक्याला हात लावावा, हेच कळत नाही. आई विचारते मुलगी कुठल्या गावची. वडील विचारतात खर्च किती येईल. अशी कुटुंबे आमच्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा आम्ही मात्र निराळाच प्रश्न आधी विचारतो : दोघांचे पासपोर्ट कोणाच्या ताब्यात आहेत, आणि त्यांची मुदत कधीपर्यंत आहे? यावर बहुतेक वेळा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

पासपोर्ट जवळ नसण्याची कारणे तिकडे ठरलेली आहेत. विमानातून उतरल्याबरोबर कंपनीचा माणूस "आम्ही सांभाळून ठेवतो" म्हणून पासपोर्ट काढून घेतो, तो थेट सुट्टीवर येतानाच हातात पडतो. दुसरे कारण मुदत. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, पण मुदत संपते तेव्हा माणूस शहरापासून लांब कॅम्पवर असतो आणि वकिलातीत जायला सुट्टी मिळत नाही. तिसरे कारण सर्वांत वाईट. पगार थकला, मारहाण झाली, म्हणून माणूस मालकाकडून निघून जातो. पासपोर्ट एकीकडे, माणूस दुसरीकडे. सौदी अरबस्तानात मालक अशा कामगाराविरुद्ध "हुरूब", म्हणजे पळून गेल्याची नोंद करतो. आपलेच लोक तिकडे अशा माणसाला "खल्लीवल्ली" म्हणतात. शब्द गमतीचा आहे, ते जगणे गमतीचे नाही. घरकामाला गेलेल्या आपल्या भगिनींची गत तर आणखी बिकट, कारण पुष्कळ जणींना एजंटाने नोकरीच्या व्हिसाऐवजी फिरायला येणाऱ्याच्या व्हिसावर नेलेले असते.

इथे एक फरक समजून घ्यावा. पासपोर्ट आपले सरकार देते. तिथे राहण्याचा परवाना, ज्याला सौदीत अकामा म्हणतात, तो तिथले सरकार देते. एक चालू आणि दुसरा संपलेला असेही होते. लग्नाच्या वेळी दोन्ही विचारले जातात.

मालकाने पासपोर्ट ठेवून घेणे ही रीत झाली असली, तरी तो त्याचा हक्क नाही. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही कायम भारत सरकारची मालमत्ता आहे. ती मालकाची नाही, आणि खरे तर आपलीही नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने कामगाराची कागदपत्रे अडवून ठेवायला मनाई केली आहे. कतारमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार कामगाराने स्वतः लेखी मागणी केली तरच मालकाला पासपोर्ट ठेवता येतो. म्हणून आमचे सांगणे असे की, ज्या कागदावरचे वाचता येत नाही त्यावर सही करू नका. पुष्कळदा तोच कागद "मी राजीखुशीने पासपोर्ट दिला" असा असतो.

आता लग्नाकडे येऊ. परदेशात असलेल्या भारतीयाला तिथल्या आपल्या वकिलातीत लग्न लावता येते. त्यासाठी विदेशी विवाह कायदा, १९६९ आहे. दोघांपैकी एक तरी भारताचा नागरिक असावा, मुलगा पुरा २१ वर्षांचा आणि मुलगी पुरी १८ ची असावी, कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा. दोघांपैकी एक जण नोटीस देण्याआधी निदान ३० दिवस त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात राहिलेला हवा. नोटीस दिली की ती कार्यालयात लावतात, भारतातही प्रसिद्ध करतात, आणि ३० दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. या कायद्यात एक तरतूद आपल्यासाठी फार सोयीची आहे. विधी कोणता करावा, हे त्यात वधूवरांवर सोडले आहे. विवाह अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे ठराविक शब्द उच्चारले म्हणजे झाले. तेव्हा त्रिसरण-पंचशील घेऊन केलेला मंगल परिणयही यात बसतो.

पण नोटीस देणारा माणूस भारताचा नागरिक आहे, वयाने पुरा आहे, नावाचा तोच आहे, हे परदेशात कशावरून ठरवणार? तिथे शाळेचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही. पासपोर्ट हाच तिथला जन्मदाखला आणि तोच ओळखीचा पुरावा. झेरॉक्स दाखवून किंवा संपलेल्या पासपोर्टावर काम होत नाही. अबुधाबीने २०२१ मध्ये बिगरमुस्लिम परदेशी लोकांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला, आणि फेब्रुवारी २०२३ पासून तशी सोय सगळ्या अमिरातींत झाली. तिथल्या टेबलावरही पहिला कागद पासपोर्टच मागतात.

मग काय होते? खोलीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा मांडून, चार मित्रांसमक्ष हार घालून लग्न होते. फोटो गावी येतात. त्या दोघांच्या मनात खोट नसते, आणि आम्हीही त्यांना नवराबायकोच मानू. पण वकिलातीच्या किंवा तिथल्या सरकारच्या दप्तरी ते अविवाहितच राहतात. उद्या मुलगा गावी येऊन दुसरीच्या गळ्यात हार घालू लागला, तर पहिलीने काय दाखवायचे? फोटो?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाला कागद कसा टाचलेला असतो ते रोज पाहतो. या लग्नातला सुटलेला कागद सर्वांत महाग पडतो तो लेकराला. आखातात प्रसूती झाली की जन्मदाखल्यासाठी आईबापाचे पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला मागतात. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ प्रमाणे ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत व्हावी लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. जन्मदाखला नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पासपोर्ट नाही. आईबाप भारतीय असून लेकरू कुठल्याच देशाचे नाही! त्यात भर म्हणजे लग्नाशिवायचे मूल हा सौदीत आजही गुन्हा धरला जातो. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेने सवलत दिली आहे, पण तीही आईबापांनी लग्न केले किंवा मूल आपले असल्याचे मान्य करून त्याची ओळखीची व प्रवासाची कागदपत्रे काढली तरच. गरोदरपणात दवाखान्यात जायला भिणाऱ्या बाया याच भीतीच्या बळी आहेत.

म्हणून आधी पासपोर्ट सरळ करा. नुसती मुदत संपली असेल तर प्रश्न लहान आहे. वकिलातीत अर्ज करून तिथल्या तिथे नवा पासपोर्ट मिळतो. हरवला असेल तर पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत अर्जाला जोडावी लागते. मालकाने अडवला असेल तर मात्र एक चूक कटाक्षाने टाळावी. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे हे ठाऊक असताना "हरवला" असे लिहून देऊ नये. एजंट हा सल्ला हमखास देतो, कारण शिक्षा त्याला होत नसते. खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणे हा कलम १२ खाली गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरे काय ते वकिलातीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. वकिलात मालकाशी बोलते, कामगार खात्याकडे तक्रार करायला मदत करते. घरच्यांना इथून तक्रार करायची असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची "मदद" नावाची ऑनलाइन सोय फेब्रुवारी २०१५ पासून आहे. वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या कोणत्याही मुलाला ती भरता येईल.

हे सगळे लांबत असेल, किंवा राहण्याचा परवानाच संपला असेल, तर लग्नाचा हट्ट तिकडे धरू नये. वकिलात "इमर्जन्सी सर्टिफिकेट" देते. ते फक्त एकदा भारतात परत येण्यापुरते चालते. नुसते ते मिळाले म्हणजे निघता येते असे नाही, तिथल्या सरकारची बाहेर पडण्याची परवानगीही लागते, दंड असेल तर तो भरावा लागतो. मधूनमधून तिथली सरकारे माफीची मुदत जाहीर करतात. सौदीने २०१७ मध्ये केली होती, अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी चार महिन्यांची दिली होती, आणि त्या काळात दंडाशिवाय परतता येत होते. अशी मुदत निघाली की घरच्यांनी फोन करून पोराला उठवावे. तिकिटालाही पैसे नसतील तर वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या माणसाला त्यातून तिकीट मिळू शकते, मात्र अर्ज करावा लागतो.

गावी लग्न करायला पासपोर्ट लागत नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला पुरतो. बौद्धाचार्यांकडून विधी करावा आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली लगेच नोंदणी करून दाखला घ्यावा. वधूवरांची नावे पासपोर्टवर येतात त्याच स्पेलिंगने त्यावर घालून घ्यावीत. एका अक्षराच्या फरकाने पुढे महिने जातात. नवा पासपोर्ट काढून, रीतसर व्हिसावर पुन्हा जायचे आणि बायकोलाही न्यायचे असेल, तर त्याच दाखल्यावर राज्य शासनाचे आणि परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन घ्यावे लागते, आणि काही देशांसाठी त्यांच्या इथल्या वकिलातीचा शिक्काही. या कामाला मूळ दाखला लागतो, म्हणून नोंदणी कार्यालयातून एकाऐवजी दोन प्रती मागून ठेवाव्यात.