‘एकदा आत टाका, मग कळेल’: शाळेतली दादागिरी आणि कायद्याबद्दलचे गैरसमज

नवीन पनवेलमध्ये संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळी पालकांच्या घोळक्यात उभं राहिलं आणि दादागिरी करणाऱ्या पोरांचा विषय निघाला, की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं, ‘एकदा आत टाका, मग कळेल.’ दुसरं, ‘उपयोग नाही हो, अठराच्या आतल्यांना कायदाच लागत नाही.’ दोन्ही चुकीची आहेत, तरी बऱ्याचदा एकाच तोंडून निघतात.

‘अठराच्या आत कायदा लागत नाही’

लागतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. तिच्यानुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, केलेल्या गोष्टीचा परिणाम समजण्याइतकी जाण त्या मुलाला होती का, हे पाहिलं जातं. बारा ओलांडली की ही सवलत संपते. दादागिरी नावाचा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही हे खरं. पण मारहाण आहे, वाट अडवणं आहे, धमकी आहे, आणि धाक दाखवून रोज कुणाच्या खाऊचे पैसे काढून घेणं ही सरळ खंडणी आहे. आठवीतल्या पोरांनी केली म्हणून तिचं नाव बदलत नाही.

बदलतं ते न्यायाचं ठिकाण. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशी प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांतली किमान एक स्त्री. नवीन पनवेलकरांची इथे थोडी गल्लत होते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. वसाहत वसवली सिडकोने, महापालिका पनवेलची, पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे आणि जिल्हा रायगड. मंडळ जिल्ह्यागणिक असतं. म्हणून तक्रार खांदेश्वर पोलीस ठाण्यात दिली तरी मुलाचं प्रकरण रायगडच्या मंडळाकडे जातं.

‘एफआयआर घेतला नाही, म्हणजे दाबलं’

हा गैरसमज सर्वांत जास्त मनस्ताप देतो. मार खाल्लेल्या मुलाचा बाप ठाण्यात जातो, तिथे नुसती डायरीत नोंद होते आणि तो चडफडत घरी येतो. समोरच्याची ओळख असणार, अशी त्याची खात्री पटते. ओळख असेलही, पण नियमच तसा आहे. बाल न्याय अधिनियमाखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलावरचा आरोप निर्घृण गुन्ह्याचा असेल, किंवा त्याने तो प्रौढांच्या साथीने केला असेल, तरच एफआयआर नोंदवायचा. बाकी प्रकरणांत पोलिसांनी दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि तो मंडळाकडे पाठवायचा. म्हणजे डायरीतली नोंद हीच प्रकरणाची सुरुवात असते.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, असं कायदा सांगतो. तक्रार घेऊन जाणाऱ्याने आधी त्याच अधिकाऱ्याबद्दल विचारावं. मुलाला ताब्यात घेतलं तर चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावं लागतं. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही आणि बेड्याही घालता येत नाहीत.

‘निबंध लिहायचा आणि सुटायचं’

हे वाक्य पुण्याहून आलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याला जामीन देताना मंडळाने घातलेल्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. राज्यभर संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. पण निबंध ही जामिनाची अट होती, त्या गुन्ह्याची शिक्षा नव्हती. मुलाला प्रौढ मानून खटला चालवावा हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला.

प्रौढ मानून खटला चालवायचा दरवाजा मुळात अरुंद आहे. वय सोळा पूर्ण हवं आणि गुन्हा ‘निर्घृण’ वर्गातला हवा. म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची कैद ठरलेली आहे, तोच. खून, बलात्कार, ॲसिडहल्ला त्यात बसतात. खुनाचा प्रयत्न बसत नाही, कारण त्याला वरची मर्यादा मोठी असली तरी किमान शिक्षा ठरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये हाच अर्थ लावला आणि पुढे २०२१ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आणला. तेव्हा शाळेबाहेरच्या मारामारीत ‘प्रौढासारखी शिक्षा द्या’ ही मागणी जवळजवळ कधीच टिकत नाही.

मग मंडळ करतं काय? समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड, देखरेखीखाली घरी ठेवणं, आणि शेवटचा उपाय म्हणून विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. पालकांकडून दंड हा मुद्दा मुद्दाम अधोरेखित करतो, कारण तो फारसा कुणाच्या ध्यानात नसतो.

‘आत टाका’वाल्यांसाठी आणखी एक. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळ्या सुधारशाळा ब्रिटिश काळापासून आहेत. डेव्हिड ससून यांच्या नावाची संस्था १८५७ ची, आणि मुंबई बालक कायदा १९२४ चा. मोठ्या कैद्यांत ठेवलेलं पोर बाहेर येतं तेव्हा जास्त तयार होऊन येतं, हे त्या काळच्या लोकांनाही कळलं होतं. दहावीतल्या गुंडाला तुरुंगातल्या उस्तादाकडे पाठवावं, असं मला तरी वाटत नाही.

‘केस झाली की आयुष्य गेलं’

ही भीती दुसऱ्या बाजूच्या पालकांची, आणि तिच्यापायी ते शाळेत येऊन आमचं पोर असं करूच शकत नाही म्हणून भांडतात. बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ सांगतं की मंडळाच्या निकालामुळे मुलावर कसलीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या, निर्घृण गुन्ह्यात दोषी ठरलेल्या मुलांचा. तेव्हा खोटं बोलून पोराला वाचवायची गरज नाही.

‘त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकू’

टाकू नका. चौकशी किंवा तपास सुरू असलेल्या मुलाचं नाव, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही उघड करण्यावर कलम ७४ ची बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित मुलाची ओळखही त्याच कलमाखाली झाकलेली असते. म्हणजे दादागिरी करणारं पोर मंडळापुढे समज घेऊन घरी येईल आणि व्हिडिओ फिरवणारे काका आरोपी होतील.

‘परदेशात बघा कसे कडक कायदे आहेत’

फ्रान्सने मार्च २०२२ मध्ये शालेय छळ हा स्वतंत्र गुन्हा केला. त्रासाला कंटाळून मुलाने जीव दिला किंवा तसा प्रयत्न केला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जपानने मात्र, ओत्सू शहरातल्या एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येनंतर, २०१३ मध्ये जो कायदा केला त्यात मुलांना शिक्षाच ठेवली नाही. शाळेने पथक नेमायचं, गंभीर घटनेची चौकशी करायची, गुन्हा असेल तर पोलिसांना कळवायचं, अशी सगळी जबाबदारी मोठ्यांवर टाकली. मला जपानची वाट बरी वाटते. आणि ती महाराष्ट्राला नवी नाही.

‘शाळेचं काय, ती फार तर नाव काढेल’

आठवीपर्यंत नाव काढताच येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकायला मनाई करतो. पण शाळेचे हात बांधलेले आहेत, असा याचा अर्थ नाही.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम, १९९९ हा कायदा कॉलेजच्या हॉस्टेलपुरता आहे, असं बहुतेकांना वाटतं. व्याख्या वाचा. शिक्षण देणारी कुठल्याही नावाची संस्था त्यात येते, वसतिगृह आणि शिकवणी वर्गसुद्धा. रॅगिंग म्हणजे शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज वाटायला लावणारं वर्तन. चिडवणं, शिवीगाळ, धमकी हे शब्द कायद्यातच आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. अठराखालच्या विद्यार्थ्याला ही शिक्षा तशीच लागू होत नाही, कारण तिथे बाल न्याय अधिनियम वरचढ ठरतो.

मुख्याध्यापकांना मात्र वयाची ढाल नाही. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली, की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. सकृद्दर्शनी तथ्य आढळलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. यात कसूर केली तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं मानलं जातं आणि सिद्ध झाल्यास तीच शिक्षा त्याला होते.

मुलांवर फौजदारी शिक्षा वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी हे कलम वापरून पाहावं. ‘पोरं आहेत, भांडतात’ म्हणून प्रकरण महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवलं जातं, आणि तेवढ्या काळात मार खाणारं पोर शाळेत जायला नको म्हणतं, नाहीतर एक दिवस स्वतःच कंपासमधलं कर्कटक उगारतं. मग गुन्हेगार तेच ठरतं. ही वेळ टाळणं मंडळाच्या हातात नसतं, शाळेच्या असतं.

तेव्हा तोंडी तक्रारीवर थांबू नका. तारीख, ठिकाण, काय घडलं, कुणी पाहिलं हे कागदावर लिहा, शाळेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर ती पोच घेऊन पोलीस ठाण्यात बालकल्याण अधिकाऱ्याला भेटा. मूल घाबरलेलं असेल, कुणाशी बोलावं कळत नसेल, तर १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते, आणि त्या क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकतं.